साडेचार लाख कुणाला देताय, दादा?

ताई, नमस्कार. मी धनकवडीत राहतो, मार्केटयार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. गाव भोर तालुक्यात, तिथं दोन एकर जिरायत. मुलगी मराठी माध्यमातून शिकून बी.कॉम. झाली. वय २४. सकाळी एका सीएकडे टॅलीचं काम करते, दुपारपासून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसते. सरकारी बँकेसाठी क्लार्कची परीक्षा दोनदा दिली, पीओची, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरची, एकदा. प्रीलिमच, म्हणजे पहिली चाळणी परीक्षाच, निघत नाही. स्कोअरकार्डच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

नात्यातल्या एकाने ओळख करून दिलेले एक गृहस्थ म्हणतात, वरती सेटिंग आहे, साडेचार लाखांत काम होईल. दीड लाख आधी, बाकीचे ऑर्डर हातात आल्यावर, आणि काम नाही झालं तर सगळे परत. भरवसा म्हणून तिच्या दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट त्यांनी ठेवून घेतल्या आहेत. मुलीला यातलं काही माहीत नाही. माझ्याकडे रोख नाही, पण तिच्या पगारावर एक फायनान्सवाला तिच्या नावे लोन द्यायला तयार आहे. गावच्या घराची दुरुस्ती म्हणून तिची सही घेईन. तसा तिचा मोबाइल हप्त्यावर आहे, त्याचे दोन हप्ते बाउन्स झालेत, पण ती रक्कम किरकोळ आहे. आमची कुणबी नोंदही सापडली आहे, तर पुढचा फॉर्म मराठा म्हणून भरायचा की कुणबी म्हणून, तेही सांगा. ते गृहस्थ रविवारी पैसे न्यायला येणार आहेत.
— एक वडील, धनकवडी

दादा, रविवार तोंडावर आलाय म्हणून आधी तेवढंच सांगते. पैसे देऊ नका. थोडे देऊन बघू, असंही नको. मुलीच्या नावावर कर्ज तर अजिबात काढू नका. आणि आज रात्री जेवणं झाली की तिला समोर बसवून सगळं सांगा. मार्कशीट तिच्या आहेत, परीक्षा तिची आहे आणि कर्जावर सहीही तिचीच लागणार आहे. घराच्या दुरुस्तीचं कारण सांगून घेतलेली सही तिला पुढे कधीतरी कळेलच, आणि तेव्हा साडेचार लाखांपेक्षा मोठं काहीतरी तुमच्या घरातून गेलेलं असेल.

मी १९८५ साली सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि ३६ वर्षांनी शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्या काळात माझ्या केबिनमध्ये नवीन लागलेली कितीतरी मुलं पहिल्या दिवशी आईवडिलांना घेऊन आली. त्यातला एक मुलगा मला कधी विसरता आला नाही. वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आलेले. मुलगा बाहेर फॉर्म भरत होता, तेवढ्यात वडिलांनी आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, पावणेतीन लाख दिलेत, अजून कुणाला काही द्यायचं राहिलंय का?" मी त्या मुलाची फाइल उघडली. मुख्य परीक्षेत त्याला इतके चांगले गुण होते की तो यादीत वरच्या बाजूला होता. त्याला कुणीही लावलं नव्हतं, तो स्वतः लागला होता. हे सांगितल्यावर ते गृहस्थ खुर्चीत बसून रडले. म्हशी विकल्या होत्या त्यांनी.

हा धंदा कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण "काम नाही झालं तर पैसे परत" या एका वाक्यावर तुमच्यासारखी शहाणी माणसं फसतात. असा माणूस दहा घरांतून पैसे किंवा कागद गोळा करतो आणि मग काहीच करत नाही. निकाल लागेपर्यंत गप्प बसतो. दहा मुलांपैकी एखाददुसरं अभ्यासाच्या जोरावर लागतंच. त्या घरी तो उजळ माथ्याने जातो, उरलेले पैसे घेतो आणि वर त्याच घराचं नाव पुढच्या गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून सांगतो. बाकीच्या आठ-नऊ घरांना कधी परत देतो, कधी निम्मे देतो, कधी फोन बंद ठेवतो. परत दिले तरी त्याचं काही बिघडत नाही, वर्षभर बिनव्याजी वापरलेले असतात. तुमच्या नात्यातल्यांनी ज्याचं उदाहरण दिलं असेल, ते पोरगं बहुधा असंच स्वतःच्या हिमतीवर लागलेलं आहे.

आणि मूळ मार्कशीट का ठेवून घेतल्या, तेही त्यातच आलं. मुलगी स्वतःहून पास झाली, तर रुजू होताना बँक मूळ कागद मागते. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, शिक्षणासाठी मार्कशीट. ते कागद त्याच्या कपाटात असले की उरलेले तीन लाख तुम्ही मुकाट्याने आणून देणार, हा त्याचा हिशेब आहे.

आता तुम्ही म्हणाल, वरती कुणीतरी असेलच की. तुम्ही गाळ्यावर बसता म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. माल काट्यावर चढायच्या आधी शेतकऱ्याची पट्टी लिहिता येते का? तोलणार वेगळा, बोली लावणारे वेगळे, पट्टी लिहिणारे तुम्ही वेगळे. बँकभरतीत हे हात याहून कितीतरी जास्त आणि एकमेकांना न ओळखणारे आहेत. तो रस्ता तुम्हाला टप्प्याटप्प्याने दाखवते, त्यात पैसे कुठून आत शिरतील ते तुम्हीच बघा.

देशात आज १२ सरकारी बँका आहेत. त्यातली स्टेट बँक आपली भरती स्वतः करते. उरलेल्या ११ बँका, ज्यात शिवाजीनगरला लोकमंगलमध्ये मुख्य कचेरी असलेली आपली बँक ऑफ महाराष्ट्रही आली, क्लार्क आणि पीओची निवड आयबीपीएस नावाच्या संस्थेमार्फत करतात. या संस्थेचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. कोंढव्यातल्या एनआयबीएम रोडला जिच्यावरून नाव पडलं, त्या एनआयबीएम या बँक व्यवस्थापन संस्थेचा एक विभाग म्हणून १९७५ साली हे काम सुरू झालं आणि १९८४ साली आयबीपीएस वेगळी झाली. तिची कचेरी मुंबईत कांदिवलीला आहे. माझ्या वेळी बीएसआरबी नावाची भरती मंडळं होती. शाळेच्या बाकावर बसून पेपर लिहायचा आणि मग पोस्टमनची वाट बघायची. ती मंडळं बंद झाल्यावर काही वर्षं प्रत्येक बँक स्वतंत्र जाहिरात काढायची. एकेका पोराला वर्षात आठ-दहा अर्ज, तेवढी शुल्कं, तेवढे प्रवास. २०११ पासून सगळ्यांची मिळून एक परीक्षा आली.

अर्ज फक्त ऑनलाइन. शुल्क ८५० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना १७५. या रकमेखेरीज या सगळ्या प्रवासात कुणालाही काही द्यायचं नसतं. अर्ज भरतानाच फोटो, सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं एक निवेदन अपलोड करावं लागतं. ते का, तर पुढे प्रत्येक पायरीवर हेच माणूस आलंय ना हे ताडून बघता यावं. परीक्षेच्या सेंटरवर पुन्हा ठसे आणि फोटो घेतात, आणि रुजू होताना तेच ठसे पुन्हा जुळवतात. डमी बसवण्याचे प्रकार याच टप्प्यावर उघडे पडलेत, अगदी ऑर्डर हातात आल्यानंतरही.

क्लार्कच्या जागेला आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, पण परीक्षा तीच. पहिली पायरी प्रीलिम: इंग्रजीचे ३० प्रश्न, गणिताचे ३५, रीझनिंगचे ३५. प्रत्येक विषयाला वेगळी २० मिनिटं, एकाची उरलेली वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. प्रीलिम म्हणजे नुसती चाळणी, तिचे गुण पुढे कुठेच धरत नाहीत. दुसरी पायरी मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, आणि क्लार्कची गुणवत्ता यादी फक्त मेन्सच्या गुणांवर लागते. मुलाखत नाही. केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्यात क्लार्क आले. मग बँकांचं वाटपसुद्धा गुण, प्रवर्ग आणि उमेदवाराने अर्जात दिलेली बँकांची पसंती एवढ्यावर होतं. शेवटी राहते राज्याच्या भाषेची चाचणी, जी तुमच्या मुलीसाठी चाचणीच नाही.

म्हणजे बघा दादा, क्लार्कच्या भरतीत उमेदवार आणि निवड करणारा माणूस समोरासमोर येतच नाहीत. तुमचे गृहस्थ ज्या वरच्याचं नाव घेतात, त्या वरच्याला बसायला या प्रक्रियेत खुर्चीच ठेवलेली नाही.

पीओला मुलाखत असते, हे खरं. अंतिम यादीत मेन्सचं वजन ८० टक्के आणि मुलाखतीचं २०. पण मुलाखतीपर्यंत पोचायलाच प्रीलिम आणि मेन्स दोन्ही स्वतः पार करावी लागतात, आणि मेन्सला निबंधही लिहावा लागतो. जो मुलगा तिथवर जातो, त्याला कुणाची गरज उरत नाही. वशिला लावायचा प्रयत्न केला तर उमेदवारी रद्द होऊ शकते, हेही जाहिरातीत छापलेलं असतं.

परीक्षांमध्ये कधीच गैरप्रकार झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. झालेत, म्हणूनच २०२४ साली सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा कायदा आला. आयबीपीएसचं नाव त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. गैरप्रकाराला तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड. तो कायदा असली कामं करणाऱ्यांना धरण्यासाठी आहे, परीक्षार्थींना धरण्यासाठी नाही. पण अशा प्रकरणात मुलीचं नाव आलं तर परीक्षा संस्था तिला पुढच्या परीक्षांतून बाद करू शकते. दोन वर्षं अभ्यासिकेत डोळे फोडलेल्या पोरीच्या नावाला हा डाग कशाला?

आता स्कोअरकार्डकडे येते. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा कागद तोच होता, आणि मला वाटतं तो तुम्ही स्वतः नीट वाचलेला नाही. क्लार्कच्या दोन्ही वेळांना तिचे एकूण गुण कटऑफच्या वर आहेत. वर आहेत, दादा! ती एकूण गुणांवर नापास झालेली नाही. आयबीपीएसच्या प्रीलिममध्ये एकूण कटऑफ असतो, तसा तिन्ही विषयांचा वेगळा कटऑफही असतो, आणि त्यातला एक जरी हुकला तरी उमेदवार बाहेर. तिचं गणित चांगलं आहे, रीझनिंग तर फारच छान. दोन्ही वेळा ती फक्त इंग्रजीच्या रकान्यात अडकली, आणि तेही दुसऱ्या वेळी अगदी थोड्याने. ही पोर नोकरीपासून वीस मिनिटांच्या एका पेपराइतकी लांब आहे आणि तुम्ही तिच्यासाठी साडेचार लाखांचं कर्ज काढायला निघालात.

माझा अंदाज असा, की इंग्रजीची भीती म्हणून ती तो विषय मागे ठेवत असणार आणि जे येतं त्याचाच सराव जास्त करत असणार. अभ्यासिकेतली बहुतेक मराठी माध्यमाची मुलं हेच करतात, मीही केलं होतं. तिला सांगा, पुढचे तीन महिने दिवसाची सुरुवात घड्याळ लावून वीस मिनिटांच्या इंग्रजीने. उतारे, चुका शोधणं, गाळलेले शब्द. तीस प्रश्न, वेळ संपली की पेन खाली. मग चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला ते वहीत मराठीत लिहायचं. हो, मराठीतच, कारण चूक का झाली ते कळलं पाहिजे. आणि न येणाऱ्या प्रश्नावर अंदाजाने क्लिक करायची सवय मोडायची. तिच्या एका स्कोअरकार्डवर इंग्रजीचे गुण ज्या तऱ्हेने अपूर्णांकात अडकलेत, त्यावरून चुकीची उत्तरं बरीच दिली असावीत असं वाटतं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पेपरांचे संच मिळतात, ते पुरतात. नवीन महागडा क्लास लावायची गरज मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तिला माहीत आहे का ते विचारा. क्लार्कची परीक्षा आता मराठीतूनही देता येते. इंग्रजी आणि हिंदीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांत पेपर मिळतो, इंग्रजीचा विषय तेवढा इंग्रजीत. गणितातली लांबलचक उदाहरणं किंवा रीझनिंगमधली बसण्याच्या क्रमाची कोडी मराठीतून वाचली तर तिचा वेळ वाचेल की जाईल, हे तिने घरी दोन-तीन पेपर सोडवून ठरवावं. काही मुलांना इंग्रजी शब्दांचीच सवय झालेली असते, त्यांना मराठी पेपर उलट जड जातो.

इंग्रजी सुधारतंय तोवर तिने दोन दारं आणखी उघडी ठेवावीत. पहिलं, स्टेट बँकेची क्लार्कची भरती. तिच्या प्रीलिमला विषयवार कटऑफ नसतो, एकूण गुण बघतात. तुमच्या मुलीच्या गुणांची ठेवण बघता हे तिच्या पथ्यावर पडणारं आहे, आणि तिने ही परीक्षा एकदाही दिली नाही याचं मला नवल वाटलं. दुसरं, ग्रामीण बँकेची ऑफिस असिस्टंटची जागा. ती परीक्षाही आयबीपीएसच घेते. प्रीलिममध्ये इंग्रजी नाहीच, रीझनिंग आणि गणिताचे चाळीस-चाळीस प्रश्न, तेही मराठीतून देता येतात. मेन्सला इंग्रजी किंवा हिंदी यातली एक भाषा निवडायची. आपल्या राज्यात २०२५ च्या मेपासून दोन ग्रामीण बँका एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे. या बँकांत केंद्राचा हिस्सा ५० टक्के, राज्याचा १५ आणि प्रायोजक बँकेचा ३५, म्हणजे हीसुद्धा सरकारीच नोकरी. पुण्यातल्या मुलांना ग्रामीण शब्द ऐकून ती कमी वाटते, ते मनातून काढून टाका.

वयाचं म्हणाल तर क्लार्कला २० ते २८ आणि पीओला २० ते ३०, मागासवर्गीयांना सवलत वेगळी. ती २४ ची आहे. वेळ आहे.

पीओचा अर्ज भरायला हरकत नाही, पण पीओची बदली देशात कुठेही होते, हे घरात आधी बोलून घ्या. क्लार्कचा अर्ज एकाच राज्यासाठी भरायचा असतो आणि नेमणूक त्या राज्यात मिळते. मात्र महाराष्ट्र म्हणजे पुणे नव्हे. पहिली शाखा नंदुरबारला किंवा गडचिरोलीतही मिळू शकते. माझी पहिली शाखा घरापासून २०० किलोमीटरवर होती आणि माझ्या वडिलांनी पहिले सहा महिने आईशी धड बोलणं केलं नव्हतं. पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: मार्च २०२४ च्या करारानुसार क्लार्कचं सुरुवातीचं मूळ वेतन २४,०५० रुपये आहे आणि अधिकाऱ्याचं ४८,४८०, महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते त्यावर. क्लार्क म्हणून लागलेल्यांना आतून बढतीने अधिकारी होता येतं. मी तशीच झाले.

जातीच्या दाखल्याचं काम मात्र उद्याच हाती घ्या, कारण इथे चांगली हुशार मुलं शेवटच्या पायरीवरून घसरलेली मी पाहिली आहेत. महाराष्ट्र सरकारने मराठा समाजाला २०२४ साली दिलेलं एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं, आरक्षण राज्याच्या नोकऱ्यांत आणि शिक्षणात आहे. सरकारी बँका केंद्राच्या, तिथे ते चालत नाही. त्यामुळे तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत. कुणबी दाखला मुलीच्या नावाने मिळाला असेल, तर केंद्राच्या ओबीसी प्रवर्गातून अर्ज भरता येतो. त्यासाठी नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं हवं. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन गेलेल्या मुलांना परत पाठवतात. शिवाय दाखल्यावर जात जशी लिहिली आहे, अगदी तशीच ती केंद्राच्या यादीत आहे का हे शब्दाला शब्द लावून तपासा. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. दाखला अजून हातात आला नसेल, तर नुसत्या सापडलेल्या नोंदीवर ओबीसीचा रकाना भरू नका.

दाखला नसेल तर दुसरी वाट ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांची, ज्यात १० टक्के जागा आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी. तुमची दोन एकर आहे, तिथे अडचण नाही. धनकवडीतलं घर स्वतःचं असेल तर त्याचं क्षेत्रफळही बघतात. हा दाखला ठरावीक आर्थिक वर्षापुरताच चालतो, म्हणून जुना काढून ठेवलेला असला तर उपयोगाचा नाही. ओबीसीत मोडणाऱ्याला ईडब्ल्यूएस घेता येत नाही, म्हणजे दोन्ही दाखले खिशात ठेवून ऐन वेळी बघू, असं करता येणार नाही. अर्जात एकदा भरलेला प्रवर्ग नंतर बदलून मिळत नाही. सेतू केंद्रात जाल तेव्हा जाहिरातीला जोडलेला केंद्राचा नमुना छापून हातात घेऊन जा आणि खिडकीवर स्पष्ट सांगा की हा केंद्राच्या नोकरीसाठी हवाय.

आता त्या किरकोळ मोबाइलच्या हप्त्यांबद्दल. ते किरकोळ नाहीत, दादा. बँकेत नोकरी देताना बँका आता उमेदवाराचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बघतात, तशी अट जाहिरातीतच असते. थकलेलं कर्ज असेल तर ते मिटवून सावकाराचं ना हरकत पत्र द्यावं लागतं, नाहीतर ऑफर मागे घेतली जाऊ शकते. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेचा असाच एक निर्णय उचलून धरला, परतफेडीतल्या कसुरीमुळे त्या उमेदवाराची नेमणूक रद्द झाली होती. आता विचार करा, साडेचार लाखांचं कर्ज तिच्या नावावर, पगार टॅलीच्या अर्धवेळ कामाचा, हप्ता सुरू झाल्यावर चार महिन्यांत थकणार. म्हणजे नोकरीसाठी म्हणून काढलेलं कर्जच तिची नोकरी घालवील. मोबाइलचे दोन्ही हप्ते दंडासह या आठवड्यात भरून टाका आणि भरल्याचं पत्र घ्या. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो तिने काढावा आणि त्यात काही भलतं नाव नाही ना ते पाहावं. कुणा मित्राला जामीन राहिलेली असेल तर तेही त्यातच दिसेल.

राहता राहिला रविवार. ते गृहस्थ घरी यायच्या आधीच तुम्ही फोन करा, मुलगी शेजारी बसलेली असू दे. पैशांचं बोलणं काढू नका, वाद घालू नका. एवढंच म्हणा, "मूळ मार्कशीट हव्यात, मी स्वतः घ्यायला येतो." एकटे जाऊ नका, गाळ्यावरचा भरवशाचा माणूस किंवा ज्यांनी ओळख करून दिली त्या नातेवाइकांनाच बरोबर घ्या, त्यांनाही हे कळू दे. आधीचे मेसेज, फोनचं रेकॉर्डिंग, जे काही असेल ते जपून ठेवा. मार्कशीट द्यायला त्याने टाळाटाळ केली किंवा त्या बदल्यात पैसे मागितले, तर सरळ सहकारनगर पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैसे अजून दिलेले नाहीत, त्यामुळे तुम्हाला लाजायचं काही कारण नाही. फार तर मार्कशीट परत मिळणार नाहीत. तसं झालंच तर शाळा-कॉलेजमार्फत बोर्डाकडे अर्ज करून दुय्यम प्रती मिळतात, आणि बोर्डाची कचेरी तुमच्या घरापासून एका बसवर, शिवाजीनगरला आहे. थोडे हेलपाटे होतील, पण त्या कागदांसाठी त्याला पैसे मोजायची वेळ येणार नाही.

दादा, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर छापलेलं नाही. "तिचा रोज उतरलेला चेहरा बघवत नाही." साडेचार लाखांमागे खरं कारण ते आहे, हे मला कळतंय. आज रात्री तिच्याशी बोलाल तेव्हा हेही वाक्य तिला सांगा. आणि मग स्कोअरकार्ड समोर ठेवून एकूण गुणांच्या रकान्यावर बोट ठेवा. कदाचित तिनेही तो रकाना शेवटचा कधी नीट पाहिला हे तिला आठवत नसेल.

मार्कशीट हातात आल्या की दोन ओळी लिहून कळवा, मी वाट बघते. आणि पुढच्या वेळी पत्र तिला लिहू द्या. इंग्रजीच्या कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकतात ते तिने सविस्तर लिहिलं, तर मला आणखी नेमकं सांगता येईल.